लेवीय न वगळता

खानदेशातल्या ख्रिस्ती घरांत ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना आटोपली, की नव्या वर्षाचे वचन घरी येते. कधी ते मंडळीने छापून घेतलेल्या कार्डावर असते, कधी डबीतून उचललेल्या चिठ्ठीवर, आणि आता बहुतेक वेळा मोबाइलवर, उगवत्या सूर्याच्या चित्रावर. धुळे असो, अमळनेर असो की नवापूरकडचा एखादा पाडा, या वचनांत यिर्मयाच्या २९व्या अध्यायातले ११वे वचन हटकून सापडते. देवाने तुमच्यासाठी योजले आहे ते हिताचेच आहे, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. रविवारी पुढे उभे राहून शास्त्रपाठ वाचणे आणि आठवडाभराच्या कौटुंबिक उपासनेसाठी अध्याय नेमून देणे हे ज्याचे काम असते, त्याची या वचनाशी वारंवार गाठ पडते. हे काम करता करता माझे जे मत बनत गेले ते असे, की रोजचे वाचन क्रमाने व्हावे. एक पुस्तक हाती घेतले की पहिल्या अध्यायापासून शेवटच्यापर्यंत जावे, मधले काही गाळू नये, आणि घरात चार माणसे असतील तर मोठ्याने वाचावे. आवडीचे एखादे वचन निवडून त्यावर दिवस काढण्याची रीत भक्तीला दुबळी करते. शिवाय मजुरीवर आणि पावसावर जगणाऱ्या आपल्या मुलखात ती माणसांना त्यांच्याच जगण्याबद्दल शास्त्र काय बोलते ते ऐकूच देत नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे.

यिर्मयाच्या त्या वचनाआधीची दहा वचने वाचली की सगळे चित्र पालटते. तो अध्याय म्हणजे यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलला धाडलेले पत्र आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने राजाला, दरबाऱ्यांना, कारागिरांना धरून बाबेलला नेले. आपण लवकरच परत जाऊ या आशेवर ती माणसे तिथे दिवस मोजत होती. आदल्याच, २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमक्ष सांगतो की दोन वर्षांत सगळे काही परत येईल. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मयाचे पत्र नेमके उलटे सांगते. घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या परक्या शहरात आहात त्याचे कुशल चिंता, कारण सत्तर वर्षे लागणार आहेत. सत्तर वर्षांचा आकडा १०व्या वचनात आहे आणि हिताचे आश्वासन ११व्यात. म्हणजे ज्यांना ते पत्र वाचून दाखवले गेले, त्यांतल्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. ते आश्वासन नातवंडांच्या हाती पडायचे होते. ११वे वचन १०व्यापासून तोडले की ते याच वर्षाचे होते, माझ्या एकट्याचे होते, आणि यिर्मयाच्या नावाने हनन्याचा निरोप घरात येतो. कोणी हे मुद्दाम करत नाही, वचन तोडले की असे होतेच. मग त्या वर्षी बोंडअळीने कपाशी गेली, वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्या, तर आश्वासन देणाऱ्या देवावरच प्रश्न उभा राहतो. ज्याने सबंध पत्र वाचले आहे त्यालाही नुकसान तितकेच सोसावे लागते. पण हे आश्वासन मुळातच लांब पल्ल्याचे होते हे त्याला ठाऊक असते, आणि त्या लांबलेल्या काळात करायची कामे कोणती, तेही त्याच पत्रातून त्याला कळलेले असते.

सुटे वचन किती बळकट दिसू शकते आणि तरी किती फसवे असू शकते, याचा दाखला शुभवर्तमानातच आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात, अरण्यातल्या परीक्षेच्या वेळी, संरक्षणाचे आश्वासन देणारे वचन पुढे करतो तो सैतान. ते ९१व्या स्तोत्रातले आहे, शब्दही खरे आहेत. देव दूतांकरवी सांभाळील, तेव्हा मंदिराच्या शिरोभागावरून खाली उडी टाक, असा त्याचा युक्तिवाद. येशू त्या परीक्षेत तीन वेळा शास्त्रातून उत्तर देतो आणि तिन्ही उत्तरे अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. हे अध्याय इस्राएलाच्या रानातल्या चाळीस वर्षांची उजळणी करतात: भूक आणि मान्ना, पाण्यावरून देवाची पाहिलेली परीक्षा, इतर दैवतांचा मोह. चाळीस दिवस उपाशी राहून रानात उभा असलेला येशू आपल्या लोकांच्या त्याच सलग कहाणीत उभा राहून बोलतो. त्याच्या ओठांवर आलेली तिन्ही वचने एकमेकांच्या शेजारची आहेत, यावरून तो भाग त्याने सबंध ऐकून, घोकून आत मुरवला होता असे मला वाटते. कामाला आले ते मुरलेले प्रकरण. निवडून आणलेले वचन त्या प्रसंगी सैतानाच्या हातात होते.

आता लेवीयाकडे येतो. सत्तावीस अध्यायांचे हे पुस्तक ख्रिस्ती घरांत सर्वांत कमी वाचले जाते. वर्षारंभी उत्पत्तीपासून सुरुवात केलेले वाचन फेब्रुवारीत अडखळते ते बहुधा इथेच: होमार्पणे, चरबी, मूत्रपिंडे, त्वचेचे रोग. पण शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची जी आज्ञा येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितली, पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिताना जिचा आधार घेतला आणि याकोबाने जिला राजमान्य नियम म्हटले, ती आज्ञा मुळात लेवीयाच्या १९व्या अध्यायातल्या १८व्या वचनात आहे. तिच्या शेजारी काय आहे ते पाहावे. नवव्या आणि दहाव्या वचनांत सांगितले आहे की शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, खाली पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. १३व्या वचनात आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवून घेऊ नका. ३५व्या आणि ३६व्यात तागडी, वजने आणि मापे खरी ठेवण्याची ताकीद आहे. प्रीतीची आज्ञा अशी सरवा, मजुरी आणि वजनकाटा यांच्या मधोमध बसलेली आहे. जळगाव जिल्ह्यात कपाशीच्या वेचणीला किलोच्या दराने जाणाऱ्या बाईला, खेडा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्याकडे डोळे लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला, आणि बाजाराचा दिवस उलटला तरी मजुरी चुकती न झालेल्या सालदाराला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. तो वाचला जाणे एवढेच पुरते. अडचण इतकीच, की निवडून वाचणारा लेवीयात शिरतच नाही. शेजाऱ्यावरच्या प्रीतीचे वचन त्याला कार्डावर मिळते आणि काटा, मजुरी, सरवा मागेच राहतात. मग ती प्रीती मवाळ होत होत गोड बोलण्यापुरती उरते.

हे एकट्या लेवीयाचे नाही. निर्गमाचा पाचवा अध्याय घ्या. फारो विटांसाठी लागणारा भुसा देणे बंद करतो, पण विटांची ठरलेली संख्या कमी करत नाही, आणि काम कमी भरले की मार खातात ते इस्राएलातलेच, फारोच्या अधिकाऱ्यांनी नेमलेले नायक. दसऱ्या-दिवाळीनंतर नंदुरबार, धुळे, चाळीसगाव या भागांतून कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांना उचल म्हणजे काय आणि मधला मुकादम कसा दोन्हीकडून पिळला जातो, हे ठाऊक असते. वीटभट्टीवर राबणाऱ्यांना तर त्या अध्यायातला कच्चा मालही ओळखीचा. अनुवादाच्या १५व्या अध्यायात सहा वर्षे राबलेल्या दासाला सातव्या वर्षी मोकळे करताना रिकाम्या हाती पाठवू नका, कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून त्याला भरून द्या, असे आहे. आखाजीला सालदाराचे साल फिरते त्या सुमारास हा अध्याय मालकाच्या घरातही वाचला जावा आणि सालदाराच्याही. गणनेच्या २७व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे, याजकापुढे आणि सबंध मंडळीपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात आपला वाटा मागतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे असा निर्णय देवाकडून येतो. सातबाऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून आजही ज्यांना तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, त्यांच्या घरात गणना हे पुस्तक शिरगणतीच्या याद्यांमुळे बंद राहावे, याचे मला मनापासून दुःख होते.

नहेम्याच्या पुस्तकाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मंडळ्यांत नहेम्यावर प्रवचने पुष्कळ होतात, आणि ती सगळी तट बांधण्याबद्दल असतात: नेटाने काम कसे करावे, विरोधाला तोंड कसे द्यावे. पाचव्या अध्यायात तटाचे काम चालू असतानाच लोक, आणि त्यांच्या बायकाही, ओरड करत येतात की दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेते आणि घरे गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढले, आता पोटची मुले दास्यात द्यावी लागत आहेत, आणि हे करणारे आमचेच भाऊबंद आहेत. नहेम्या सरदारांना सभेत उभे करतो आणि शेते, मळे, घरे, वर घेतलेले व्याज सगळे त्याच दिवशी परत करायला लावतो. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात नाबोथाचा द्राक्षमळा अहाब कसा बळकावतो ते पाहा. राजाच्या नावाची पत्रे, राजाचा शिक्का, गावचे वडील आणि दोन खोटे साक्षीदार; सगळे कागदोपत्री नीट बसवलेले. या दोन अध्यायांत जे आहे तेच या मुलखात माणसांनी भोगले आहे. शहादा तालुका धुळे जिल्ह्यात होता त्या काळात, १९७२ मध्ये, तिथे श्रमिक संघटना उभी राहिली ती सावकारी आणि बड्या जमीनदारीत गेलेल्या भिल्लांच्या जमिनींसाठी आणि शेतमजुरांच्या मजुरीसाठी. त्या लढ्यातल्या अंबरसिंग सुरतवंतींचे नाव तिथे अजून घेतले जाते. नाबोथाचा अध्याय त्या लढ्याचा आधार होता असे मी म्हणत नाही. लढणारी बहुसंख्य माणसे ख्रिस्ती नव्हतीच. माझे म्हणणे असे, की ज्या घराच्या इतिहासात गेलेली जमीन आहे, त्या घराला आपल्या देवाने अशा जमिनीबद्दल काय म्हटले आहे ते माहीत असलेच पाहिजे, आणि ते वार्षिक वचनातून कधीही कळणार नाही.

क्रमाने वाचणे ही पाश्चात्त्य शिस्त आहे, मिशनऱ्यांनी आणलेली, असे कोणी म्हणेल. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॅन्डिनेव्हियन मिशनांनी धरणगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर या भागांत काम सुरू केले आणि घराघरांत पवित्र शास्त्र पोहोचवले हे खरेच. पण ग्रंथ आरंभापासून शेवटापर्यंत वाचावा हे या मातीला कोणी शिकवायची गरज नव्हती. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा आपल्याला कठीण जाणारे अध्याय सोडून देत नाही. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी वाङ्मयाच्या हस्तलिखितांसाठी जन्म वेचला. त्यांच्या त्या शहरात वीस दशकांचा, दोनशे समासांचा दासबोध रोज एक समास या बेताने वाचणारी घरे नवलाची नव्हेत. सर्वांत ठळक उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातले आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, अठरा रविवारी, विनोबांनी तिथे कैद्यांपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. एका रविवारी एक अध्याय. सोपा असो की अवघड, त्याची पाळी आली की तो घ्यायचा. श्रोते सगळे शिकलेले नव्हते. तरी ती प्रवचने जी टिकली, त्यात विनोबांच्या विद्वत्तेइतकाच या क्रमाचाही वाटा आहे, असे मला वाटते. ऐकणाऱ्याला मागचा रविवार आठवत होता आणि पुढचा यायचा होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. याच विनोबांनी पुढे ख्रिस्तधर्मसार तयार केले, आणि ते नव्या करारातून निवडून काढलेल्या वचनांचे संकलन आहे. मोराव्हियन मंडळीत १७३१ पासून रोजच्या एका वचनाची पुस्तिका दरवर्षी छापली जाते; जवळजवळ तीनशे वर्षांची ती भक्ती पोकळ म्हणायची काय? नाही. विनोबांची निवड ही सगळे वाचलेल्या, पुन्हा पुन्हा वाचलेल्या माणसाची निवड आहे, आणि ती बाहेरच्या वाचकाला दारापर्यंत आणण्यासाठी आहे. घरात राहणाऱ्याने दारातच का थांबावे? मोराव्हियन पुस्तिकेत वचन चिठ्ठीने ठरते, वाचणाऱ्याच्या लहरीने ठरत नाही, आणि त्याच पानावर क्रमवार वाचनाचे भागही दिलेले असतात. कॅथलिक मंडळीत १९६९ पासून रविवारच्या वाचनाचे चक्र तीन वर्षांचे आणि इतर दिवसांचे दोन वर्षांचे आहे. तिथेही आज काय वाचायचे हे वाचणारा ठरवत नाही. या सगळ्या रीतींत एक गोष्ट सामाईक आहे: निवडीचा अधिकार वाचणाऱ्याच्या हातून काढून घेतलेला आहे. माझा आग्रह तेवढ्यासाठीच आहे. मनुष्य स्वतः निवडतो तेव्हा त्याला आधीच पटलेले निवडतो.

मराठी ख्रिस्ती परंपरेतली दोन मोठी माणसे या बाबतीत माझ्या बाजूला आहेत. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. टिळकांचे मन त्या वेळी ख्रिस्ती धर्माला अनुकूल नव्हते. ते वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. मत्तय हे पहिले पुस्तक आणि ते प्रवचन त्याच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत, त्यामुळे ओळीने वाचणाऱ्याला ते लवकरच भेटते. पण भेटते ते एक-दोन सुभाषितांच्या रूपात नाही, तीन सलग अध्यायांच्या रूपात, शत्रूवरच्या प्रीतीसकट. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांनी केडगावला मुक्तिसदनात राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले; साध्या बायकांना समजावे हा हेतू होता, आणि छपाईचे कामही तिथल्या स्त्रियांनीच केले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. भाषांतरकाराला वगळण्याची मुभा नसते. लेवीयातली होमार्पणे, गणनेतल्या याद्या, इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातल्या नऊ अध्यायांच्या वंशावळ्या, सगळे त्या बाईने ओळीने मराठीत आणले. आयुष्याची अखेरची वर्षे तिने ज्या पानांवर खर्च केली, त्यांतली निम्मी आपण न उघडताच ठेवतो.

यांत्रिकपणाचा आक्षेप मला रोजच्या कामात सर्वांत जास्त ऐकू येतो. रोज ठरलेला अध्याय म्हणजे उरकणे होते, मन लागत नाही, तोंड वाचते आणि चित्त दुसरीकडे असते. हे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. पण मन लागेल तेव्हाच वाचायचे ठरवले तर काय होते तेही पाहावे. माणूस आनंदात असला की स्तुतीची स्तोत्रे काढतो, अडचणीत असला की २३वे किंवा १२१वे. ८८वे स्तोत्र कोणीच काढत नाही. ते हाकेने सुरू होते आणि अंधारातच संपते. शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही. दीडशे स्तोत्रांत ते एक ठेवलेले आहे, आणि क्रमाने वाचणाऱ्याच्या वाट्याला ते येतेच, बहुधा तो सुखात असताना. त्या दिवशी ते त्याला परके वाटेल. पण पुढे कधी घरात कर्ज आणि मृत्यू एकदम आले, आणि खानदेशातल्या किती शेतकरी घरांत ते आले आहेत हे सांगायला नको, तेव्हा असे बोलणेही देवापुढे चालते हे त्याला ठाऊक असेल. दुःखात पडलेल्या माणसाला नवे पुस्तक शोधण्याचे त्राण नसते. आधी कधीतरी कानावर गेलेलेच त्या वेळी उपयोगी पडते. उरकण्यावर उपाय म्हणजे भाग लहान करणे. क्रम मोडण्याने ते दुखणे जात नाही, लपते.

न कळणारे आणि न सोसवणारे भाग हा दुसरा आक्षेप. गणनेचा सातवा अध्याय ८९ वचनांचा आहे आणि त्यात बारा सरदारांची तीच ती अर्पणे बारा वेळा सांगितली आहेत. अशा ठिकाणी ओढून ताणून अर्थ काढू नये. सरळ वाचून पुढे जावे. सगळ्या पानांचे वजन सारखे नसते आणि तसे मानणे हा श्रद्धेचा भाग नाही. हिंसेच्या भागांचे तसे नाही. यहोशवातली संहारांची वर्णने, शास्ते पुस्तकाचा १९वा अध्याय, १३७व्या स्तोत्राचा शेवट, हे लेकरांसमोर मोठ्याने वाचावे असे मी म्हणणार नाही. घरातल्या थोरांनी ते आपल्यापुरते वाचावेत आणि मंडळीत त्यांवर उघड बोलणे व्हावे. तरी एक गोष्ट लक्षात यावी. जगात यहोशवाची वचने शस्त्रासारखी वापरली गेली ती सुटी काढूनच. जो यहोशवापासून पुढे वाचत जातो त्याला शास्ते भेटते, मग राजे, मग आमोस. आमोस पहिल्या दोन अध्यायांत शेजारच्या राष्ट्रांचे गुन्हे एकेक करून मोजतो, ऐकणारे माना डोलावत असतील, आणि मग तो यहूदाकडे आणि इस्राएलाकडे वळतो: तुम्ही गरिबाला जोड्याच्या मोलाने विकले. शास्त्र आपल्याच लोकांना इतके कठोर बोलते, हे क्रम पाळणाऱ्यालाच कळते.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७८ टक्के, धुळ्याची सुमारे ७३ आणि नंदुरबारची सुमारे ६४ टक्के होती. पाड्यांवरच्या प्रौढ स्त्रियांत ती याहून कितीतरी कमी. एकेकट्याने पहाटे उठून मनात वाचायचे, ही भक्तीची कल्पना त्यांना बाहेरच ठेवते. पण ती कल्पना शास्त्राची नव्हेच. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत चौकात मोठ्याने वाचतो, पुरुष, स्त्रिया आणि समजू शकतील अशी मुले ऐकतात, आणि लेवी अर्थ सांगत लोकांत फिरतात. प्रकटीकरणाच्या आरंभीच्या आशीर्वादात वाचणारा एक आहे आणि ऐकणारे अनेक. घरात सातवी-आठवीतली मुलगी वाचते आणि आजी ऐकते, ही काही तडजोड नाही, मूळ रीत हीच. ऐकणाऱ्याच्या ताकदीबद्दल शंका घेण्याचे तर खानदेशात कारणच नाही. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी जे रचले ते जिभेवर आणि कानांत राहिले, मुलाने आणि भाच्याने टिपून ठेवले म्हणून १९५२ मध्ये पुस्तक झाले. ऐकणारी आजी पुष्कळदा वाचणाऱ्या नातीपेक्षा जास्त धरून ठेवते, आणि परवा तो मळेवाला कोण होता म्हणून विचारते. हा प्रश्न सलग ऐकणाऱ्यालाच पडू शकतो.

ग्रांथिक मराठी अडते, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. अहिराणी, मावची, पावरी बोलणाऱ्या घरात पवित्र शास्त्राची भाषा दूरची वाटते. अहिराणीत आणि मावचीत नव्या कराराची भाषांतरे झाली आहेत, ती वापरावीत. जुन्या करारासाठी मराठीत वाचून घरातल्या कोणीतरी तेच आपल्या बोलीत सांगावे. हे सांगणे चुकतमाकत झाले तरी चालेल, पण ते पाळकावर सोडू नये. सांगणाऱ्याला अध्याय आधी स्वतः नीट समजून घ्यावा लागतो, आणि घरातल्या वादाला तिथेच तोंड फुटते: याकोबाच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते म्हणजे काय, आणि आपण गेल्या हंगामात कोणाची अडवली होती काय. असे वाद होणाऱ्या घरातले वाचन यांत्रिक राहत नाही.

राहिला वेळ. रॉबर्ट मॅक्शेन या तरुण पाळकाने १८४२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या आपल्या मंडळीसाठी रोज चार अध्यायांचा तक्ता केला. नवा करार आणि स्तोत्रे वर्षातून दोनदा, बाकी सगळे एकदा. तो तक्ता आजही जगभर चालतो, पण वेचणीवरून दिवेलागणीला परतणाऱ्या बाईसाठी तो नाही. प्रॉटेस्टंट पवित्र शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत. दिवसाला एक धरला तर सव्वातीन वर्षे लागतात, आणि सव्वातीन वर्षांची घाई कोणाला आहे? क्रम पाळायचा तो पुस्तकाच्या आत. उत्पत्तीपासूनच आरंभ केला पाहिजे असे नाही. नव्याने सुरू करणाऱ्या घराने मार्क घ्यावे, सोळा अध्याय. मग रूथ, चारच अध्याय, सरव्याचा नियम एका विधवा सुनेला कसा जगवतो ते सांगणारे. मग निर्गमाचे चाळीस आणि लागलीच लेवीय. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे निघण्याआधी तक्त्याची एक प्रत कोपीवर जाणाऱ्यांजवळ द्यावी आणि एक गावी राहणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ आणि शाळकरी मुलांजवळ ठेवावी. दोन्हीकडे एकाच दिवशी तोच अध्याय वाचला जाईल, आणि रात्री फोन लागला की जेवण झाले का या विचारपुशीनंतर बोलायला दोघांपाशी तोच मोशे, तोच फारो असेल. ज्यांच्यात वाचणारे कोणीच नाही त्यांच्यासाठी मोबाइलवर ध्वनिमुद्रित पवित्र शास्त्र मिळते; निघण्यापूर्वी ते उतरवून द्यावे, कारण फडात रेंजचा भरवसा नसतो. हे सगळे दसऱ्याच्या आत व्हायला हवे, म्हणून तक्ते श्रावणातच छापून ठेवावेत.